अपघाताचा पेशंट ट्रॉलीवर आला की सिस्टरने आधी काय बघायचं?

कॅज्युअल्टीवाली | शुक्रवार, रात्री ११:४०

मागे इथल्याच एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की कॅज्युअल्टीत सिस्टर नुसत्या कागद भरत बसतात आणि पेशंट तिकडे तळमळत असतो. तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं. आज ऑफ आहे, पोरं झोपलीत, म्हणून लिहिते.

मी पुण्यात एकवीस वर्षं नर्सिंग करतेय, त्यातली चौदा कॅज्युअल्टीत. हॉस्पिटलचं नाव विचारू नका. आमच्याकडे येणारे बहुतेक दुचाकीवाले. नवले पुलाचा उतार, कात्रज घाट, हायवे, झालंच तर पहाटे पेपर टाकायला निघालेली पोरं. हाड मोडलंय, डोक्याला मार आहे, छातीला मुका मार आहे, असं सगळं एकाच अंगावर. आमच्या भाषेत पॉलीट्रॉमा.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

रात्री दीडच्या सुमाराला एक तेवीस वर्षांचा मुलगा आला. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर. तो ओरडतोय, मित्र रडतायत, वॉर्डबॉय मामा लोक पायाभोवती, डॉक्टर पायाशी. माझ्याकडे व्हायटल्स होते. १:४० ला बीपी ११८/७६, पल्स ९६. दोन वाजता ११४/७८, पल्स ११२. २:२० ला ११०/८४, पल्स १२६. तिन्ही वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि शेजारी शेरा मारला, ‘व्हायटल्स स्टेबल’.

ऑन-कॉल सर्जन आले. त्यांनी पायाकडे बघितलंच नाही. चार्ट हातात घेतला आणि विचारलं, "सिस्टर, ही पल्स चाललीय कुठे?" प्लीहा फाटली होती. पोटात लिटरभराच्या वर रक्त निघालं. मुलगा वाचला, दोन वर्षांनी लग्नाची पत्रिका द्यायलाही आला होता. पण तो चार्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आकडे खरे होते, शेरा खोटा होता.

सत्तर किलोच्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. पाऊण लिटर गेलं तरी शरीर फारसं दाखवत नाही. दीड लिटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३० टक्के जाईपर्यंत, वरचं बीपी तगून राहतं. तोवर पल्स शंभराच्या पुढे जाते, हातपाय गार पडतात, रक्तवाहिन्या आवळल्यामुळे खालचा आकडा वर सरकतो. माझ्या चार्टवर वरच्या-खालच्या आकड्यातलं अंतर ४२ वरून ३६ आणि मग २६ झालं होतं. शरीर ओरडून सांगत होतं. बीपी कोसळतं ते त्यानंतर. म्हणजे बीपी पडल्याचं कळेपर्यंत बातमी शिळी झालेली असते.

आता क्रम. पुस्तकात ए-बी-सी-डी-ई असतं, म्हणजे श्वासनलिका, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू आणि कपडे काढून तपासणी; ते इथल्या नर्सिंगवाल्यांना पाठच असेल. मी तो प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगते.

ट्रॉली आत येतानाच मी विचारते, "दादा, नाव काय तुमचं? काय झालं?" त्याने स्वच्छ आवाजात वाक्य बोललं की एका प्रश्नात तीन उत्तरं मिळतात. श्वासनलिका मोकळी आहे, छातीत हवा जातेय, मेंदूला रक्त पोचतंय. गुळगुळ आवाज आला तर सक्शनच्या नळीने आतलं ओढून घ्यायचं. घोरल्यासारखं वाटलं तर खालचा जबडा दोन्ही हातांनी पुढे उचलायचा. मान मागे वाकवायची नाही, मणका मोडलेला असू शकतो. आणि तोंडात बघायचंच. तुटलेले दात, कवळी, आणि आपल्याकडची खासियत म्हणजे गालात धरलेला मावा. हे कुठल्याच इंग्रजी पुस्तकात नाही, मी मात्र किती वेळा काढलाय त्याला गणती नाही.

मग छाती. शर्ट वर करून नाही, पूर्ण उघडी करून. दोन्ही बाजू सारख्या हलतायत का? श्वास मोजा, खरंच मोजा. आपल्याकडे न मोजताच चार्टवर सगळ्यांचा श्वासाचा रेट २० असतो, देवाची कृपा! एक बाजू हलत नाही, सॅचुरेशन उतरतंय, पेशंट कासावीस झालाय, तर एक्स-रेची वाट बघायची नसते. डॉक्टरांना हाक मारायची आणि छातीतली हवा काढायची सुई हातात तयार ठेवायची. श्वासनलिका एका बाजूला सरकलेली दिसते ती फार उशिरा, आणि रक्त खूप गेलं असेल तर मानेच्या शिरा फुगलेल्याही दिसत नाहीत.

रक्ताभिसरणाला आधी हात लावून बघा. गार, घामेजलेला हात मॉनिटरच्या आधी बोलतो. शिरेत दोन जाड इंट्राकॅथ (सलाइनच्या सुया), करड्या किंवा हिरव्या, बारीक गुलाबी नकोत. त्याच टोचणीत ग्रुपिंग-क्रॉसमॅचचं, म्हणजे रक्त जुळवायचं, सॅम्पल काढून ठेवा, नंतर शिरा मिळत नाहीत. रक्त बाहेर दिसत नसेल तर ते चार ठिकाणी लपतं: छाती, पोट, कंबरेचा सांगाडा आणि मांडी. एकट्या मांडीच्या हाडाने दीड लिटर जाऊ शकतं. ट्रॉलीखालची फरशी कोरडी आहे म्हणून निवांत व्हायचं नाही.

मेंदू आणि डोळ्यांच्या बाहुल्या, मग सगळे कपडे काढून डोक्यापासून पायापर्यंत. शुगर विसरू नका. बेशुद्ध पडलेला दर माणूस डोक्याच्या मारानेच बेशुद्ध असतो असं नाही, कधी शुगर उतरली म्हणूनच गाडी घसरलेली असते. कपडे काढले की लगेच पांघरूण. थंडी, रक्तातलं वाढलेलं आम्ल आणि न गोठणारं रक्त, ही तीन एकत्र आली की पेशंट हातचा जातो. आणि त्यातल्या थंडीवरच मला स्वतःला काही करता येतं. एसी बंद करायला कोणाची ऑर्डर लागत नाही.

अमेरिकेतल्या इमर्जन्सी नर्सेसच्या संघटनेचा एक कोर्स आहे, त्यात ही अक्षरं ई वर थांबत नाहीत, जे पर्यंत जातात. पुढे सगळे व्हायटल्स आणि नातेवाईक येतात, मॉनिटर आणि वेदना येतात, हिस्टरी, पाठ. शेवटच्या जे चा अर्थ एवढाच की पुन्हा बघत राहा. माझं सगळं म्हणणं त्या जे मध्ये आलं. त्या रात्री मी पुन्हा पुन्हा मोजलं होतं, पुन्हा बघितलं मात्र नव्हतं.

---

पेठेतला | शनिवार, सकाळी ७:१५

ताई, लेख उत्तम. पण एक शंका. हे सगळं होईपर्यंत काउंटरवर "आधी पैसे भरा, पोलीस केस आहे" हे चालू असतं त्याचं काय? मी दोन वर्षांपूर्वी एका अनोळखी मुलाला रिक्षात घालून नेलं होतं. अर्धा तास माझाच पत्ता लिहून घेत होते.

कॅज्युअल्टीवाली | शनिवार, सकाळी ७:५०

पेठेतला, ते चूकच. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जीव वाचवणं आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. सरकारी असो वा खाजगी. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४अ मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलं. तुम्हाला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. पण जाता जाता सिस्टरला एक गोष्ट जरूर सांगा: तो कसा पडला. गाडी कुठे आदळली, हेल्मेट होतं का, उठून बोलला होता का आणि मग झोपला का. तुमच्या पत्त्याचा मला काही उपयोग नाही, या माहितीचा आहे.

हाडांचा_डॉक्टर | शनिवार, सकाळी ९:०५

सिस्टर, एक दुरुस्ती. क्रम आता ए पासून सुरू होत नाही. रक्त धो धो वाहत असेल तर ते आधी थांबवायचं, मग ए. एटीएलएस या ट्रॉमाच्या कोर्सच्या नव्या आवृत्तीत ए च्या आधी एक्स लावलाय तो त्यासाठीच. मांडीतून कारंजं उडत असताना मानेची कॉलर शोधत बसणारे मी पाहिलेत.

बाकी या क्रमाची जन्मकथा फार थोड्यांना माहीत असते. जेम्स स्टायनर नावाचे अमेरिकन अस्थिरोगतज्ज्ञ १९७६ च्या फेब्रुवारीत स्वतःचं छोटं विमान चालवत होते, ते नेब्रास्कातल्या एका शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, चार मुलं जखमी. गावातल्या छोट्या हॉस्पिटलात जे उपचार मिळाले ते बघून ते हादरले, कारण शेतात उघड्यावर आपण याहून बरं केलं होतं असं त्यांना वाटलं. त्यातून १९७८ मध्ये हा पहिला कोर्स झाला, आणि १९८० पासून तो अमेरिकन सर्जनांच्या कॉलेजने हाती घेतला. आपण जे ए-बी-सी म्हणतो त्याच्यामागे एक बाप आहे.

कॅज्युअल्टीवाली | शनिवार, सकाळी ९:२०

मान्य सर. आमच्याकडे तरी पट्टी दाबायला एक हात आणि विचारायला एक तोंड एकाच वेळी चालतं, म्हणून मी लिहिताना वेगळं केलं नाही. एकटी असेन तर आधी दाबेन.

आणि तुमच्या खात्यातलं एक राहिलं. कंबरेचं हाड मोडल्याचा संशय असेल तर पट्टा कंबरेला बांधतात लोक! तो मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा हाताला लागतो तिथे हवा. पट्टा नसेल तर चादर घडी घालून बांधा. आणि कंबर हलते का हे प्रत्येकाने येऊन दाबून बघायचं नाही. दर दाबण्यासरशी आत धरलेली गुठळी सुटते.

हाडांचा_डॉक्टर | शनिवार, सकाळी ९:२६

हे फ्रेम करून आमच्या रेसिडेंट रूममध्ये लावतो.

नवी_स्टाफ | शनिवार, दुपारी २:३०

मॅडम, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून चार महिने झाले, हिंजवडीच्या बाजूला आहे. जीसीएसमध्ये, म्हणजे पेशंटच्या शुद्धीला मार्क देताना, माझा फार गोंधळ होतो. परवा साइटवरून पडलेला एक कामगार आला. मी मराठीत विचारलं, हिंदीत विचारलं, तो भलतंच काहीतरी बोलत होता. मी व्हीला, म्हणजे बोलण्याला, ३ दिले. नंतर त्याचा मुकादम आला, तो म्हणाला हा ओडिया आहे, आणि अगदी बरोबर बोलतोय, गावाचं नाव सांगतोय. इन्चार्ज सिस्टर सगळ्यांसमोर हसल्या.

कॅज्युअल्टीवाली | शनिवार, दुपारी ३:१०

हसू दे त्यांना. हा प्रश्न पुण्यात रोजचा आहे आणि कुणी विचारत नाही.

जीसीएस १९७४ मध्ये ग्लासगोत टीसडेल आणि जेनेट यांनी काढला. डोळे (ई) ४, बोलणं (व्ही) ५, हालचाल (एम) ६. एकूण १५, कमीत कमी ३. पण तुझ्या कामगाराला तू मेंदूचे नाही, भाषेचे मार्क कापलेस. दुभाष्या शोध: सोबतचा माणूस, सिक्युरिटी गार्ड, फोनवर कुणी. नाहीच मिळाला तर तपासता आलं नाही असं लिही, कारण लिही, आकडा ठोकू नको. तोंडात नळी असेल तरी तेच.

दुसरं, ड्यूटी सोपवताना नुसता ‘जीसीएस १२’ असा ओव्हर कधी देऊ नको. ई३ व्ही४ एम५ असं वेगळं सांग. बारा अनेक तऱ्हांनी होतात, आणि त्यात एम सगळ्यात जास्त सांगून जातो. दुखवून बघायचंच असेल तर खांद्याचा स्नायू चिमटीत धर. छाती रगडणं सोड, दुसऱ्या दिवशी नातेवाईक निळे डाग दाखवतात. दोन्ही बाजू वेगळ्या दिसल्या तर जी चांगली तिचे मार्क दे, आणि दुसरी कमी हलते हे शब्दांत लिही.

दारूचा वास आला तरी मार्कांना सूट नाही. "प्यायलाय, झोपू दे" या वाक्याने किती जण गेले असतील देव जाणे. ८ किंवा त्याखाली आला की तो स्वतःची श्वासनलिका सांभाळेल याचा भरवसा नाही, भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलाव. आणि १५ चा १३ झाला तर तेरा ‘चांगले’ म्हणून बसू नको. दोन मार्क गेले.

सिंहगडरोडकर | शनिवार, रात्री ८:४५

माझ्या वडिलांची गोष्ट. वय ७४, स्कूटरवरून पडले, किरकोळ खरचटलं, स्वतः रिक्षा करून हॉस्पिटलात गेले. बीपी ११८. मी म्हटलं, चला घरी. तिथल्या एका सिस्टरने विचारलं, "आजोबा, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" रक्त पातळ करायची होती आणि बीपीसाठी आणखी एक. तिने डॉक्टरांना थांबवून सिटी स्कॅन करायला लावलं. मेंदूत रक्तस्राव सुरू होता. मी तिचं नावही विचारलं नाही. हा धागा वाचून आज जाणवलं.

कॅज्युअल्टीवाली | शनिवार, रात्री ९:३०

नशीब बलवत्तर तुमच्या बाबांचं, आणि त्या सिस्टरला माझा सलाम. म्हाताऱ्या माणसांत माझी पल्सवाली युक्तीसुद्धा चालत नाही. बीपीच्या काही गोळ्या पल्सला लगाम घालतात, रक्त गेलं तरी ती ८० वरच राहते. आणि ज्याचं रोजचं बीपी १६० आहे त्याचं ११० म्हणजे नॉर्मल नव्हे, धोका आहे. म्हणून साठीच्या पुढच्या पेशंटला मी बीपीच्या आधी गोळ्यांची पिशवी मागते. आपल्याकडे आजोबा लोक ती पिशवी घरी ठेवून येतात आणि "एक पांढरी, एक गुलाबी" असं सांगतात, तेव्हा घरच्यांनी फोटो काढून ठेवावा.

गरोदर बाईचंही असंच वेगळं असतं. तिच्यात रक्त मुळात जास्त असल्याने ती आणखी उशिरा दाखवते. पोट मोठं असेल तर तिला डावीकडे कलती ठेवायची; पाठीवर सरळ झोपवलं की गर्भाशय मोठ्या शिरेवर बसतं.

खवचट_खान | शनिवार, रात्री १०:१०

एवढं सगळं सिस्टर बघणार तर डॉक्टर काय करणार? उगाच नर्सेसना डोक्यावर बसवू नका. त्यांचं काम ऑर्डर पाळणं. आणि माझ्या भाच्याची साडेचार हजारांची जीन्स कात्रीने कापली हो यांनी. चेन उघडता येत नव्हती?

हाडांचा_डॉक्टर | शनिवार, रात्री १०:२२

डॉक्टर काय करणार? सिस्टरने हाक मारली की धावत येणार. मी पेशंटपाशी दहा मिनिटं असतो, ती बारा तास असते.

कॅज्युअल्टीवाली | शनिवार, रात्री १०:४०

खानसाहेब, चेन उघडून जीन्स ओढताना मोडलेली मांडी आणि कंबर दोन्ही हलतात, म्हणून कात्री. शिवणीवरून कापतो आम्ही, जमलं तर. पण भाच्याच्या जीन्सबद्दल आणखी एक ऐका. पोलीस केस असेल तर ते कपडे पुरावा असतात. ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाहीत, ओल्या रक्ताला बुरशी येते. कागदी पिशवी, नाव, तारीख, वेळ, कुणाच्या ताब्यात दिले त्याची सही. फाटलेल्या किंवा भोक पडलेल्या जागेतून कात्री न्यायची नाही. नुसते कागद भरतात म्हणता ना, त्यातला हा एक कागद.

हेल्मेटही ओढून काढायचं नसतं. दोन माणसं लागतात, एक मान धरून ठेवतो, दुसरा काढतो. रस्त्यावर घाईत कुणी काढत असेल तर थांबवा. तो नीट श्वास घेत असेल तर १०८ येईपर्यंत राहू द्या.

अनघड | रविवार, सकाळी १०:००

+१, वाचनखूण साठवली. माझी बहीण आयसीयूत सिस्टर आहे, तिचा निरोप टाइप करतोय: "मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसलं तर कॅथेटर (लघवीची नळी) घालू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, कानामागे निळं किंवा नाका-कानातून पाणी आलं तर नाकातून नळी नको, तोंडातून. आणि कॅज्युअल्टीवाल्यांनो, पाठ बघून पाठवत जा. आमच्याकडे आल्यावर पाठीत काच सापडते."

कॅज्युअल्टीवाली | रविवार, सकाळी ११:१५

काचेचा टोमणा पोचला. बहिणीला सांगा, रात्री तिघंच असलो की आम्ही पाठ उद्यावर टाकतो, हे खरं आहे. कूस नीट बदलायला किमान चार जण लागतात. एक डोकं धरणारा, आणि ‘एक, दोन, तीन’ तोच म्हणणार.

आयसीयूवाल्यांचंही एक काम आहे पण. चोवीस तासांच्या आत पेशंट पुन्हा एकदा बोटांच्या टोकापर्यंत तपासायचा असतो. पहिल्या रात्री जीव वाचवायच्या नादात बारीक मोडतोड राहून जाते आणि पेशंट बेशुद्ध असतो, सांगणार कोण? आमच्या एका काकांचं मोडलेलं मनगट तिसऱ्या दिवशी सापडलं, चहाचा कप उचलताना. प्लास्टरमधला पाय असेल तर बोटं हलकेच ताणून बघा. दिलेल्या औषधानेही न थांबणारी, ताणल्यावर वाढणारी कळ असेल तर स्नायूंत दाब वाढतोय. नाडी लागते म्हणून गप्प बसू नका, ती शेवटपर्यंत लागते.

नवी_स्टाफ | मंगळवार, सकाळी ६:२०

मॅडम, नाइट संपली, बसची वाट बघत लिहितेय. काल एक पेशंट होता, बरगड्या मोडलेल्या, रात्री वॉर्डला आला. पल्स ८८, ९६, मग १०८. बीपी १२४/८०, १२६/८२, १२८/८४. मी घाबरून आरएमओंना (रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) तीनला उठवलं. ते चिडले. सोनोग्राफी केली, पोटात काही नाही. मग त्यांनी पोटावर हात ठेवला, ब्लॅडर (लघवीची पिशवी) टम्म. कॅथेटरची नळी पेशंटच्या मांडीखाली दुमडली होती. सोडवली आणि सातशे मिली आलं, पल्स ८४. ते म्हणाले एवढ्यासाठी उठवलंस?

कॅज्युअल्टीवाली | मंगळवार, सकाळी ६:५५

एवढ्यासाठीच उठवायचं. पण लघवी किती तास आली नव्हती? मोठ्या माणसाला ताशी किलोमागे अर्धा मिली तरी हवी, साठ किलोच्याला तीस. कॅथेटरची पिशवी रिकामी दिसली की आधी नळी हाताने चाचपत ये, पेशंटपासून पिशवीपर्यंत. नळी मोकळी असून येत नसेल तर मात्र तेही रक्त गेल्याचंच लक्षण समज.

नवी_स्टाफ | मंगळवार, सकाळी ६:५८

दोन तास. चार्टवर मी ‘५०’ लिहिलं होतं. आधीच्या तासाचं बघून.

कॅज्युअल्टीवाली | मंगळवार, सकाळी ७:०१

बस आली की बस. संध्याकाळी फोन कर मला.